राजाच्या म्हाताऱ्या बापाचा सूर

११ जानेवारी, रविवार. लोहारा.

मोनिका, उशीर झाला, रागावू नकोस. ही वही तू दिवाळीला दिलीस. पिंपरीला परत जाताना म्हणालीस, "आबा, मनात येईल ते रोज लिहीत जा, म्हणजे ऊठसूट फोन करून मला घाबरवणार नाही." तेव्हापासून वही ट्रंकेत पडून होती. मला लिहायची सवय नाही. सातवीला दोनदा बसलो, दोनदा नापास झालो, तिसऱ्या खेपेला वडिलांनी हातात क्लॅरनेट दिला. चाळीस वर्षं बँडबरोबर लग्नांत तोच वाजवला. तेव्हा चुका असतील. तसंही तू हे वाचणार नाहीस. ट्रंकेला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या करदोट्याला.

तुझ्या भावाचं तुला माहीत आहे, तरी वही आहे म्हणून लिहितो. शिवराजच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा सोलापूर, चार-चार तास मशीनला. आता ऑपरेशनची तारीख मिळाली, १० फेब्रुवारी. किडनी तुझी वहिनी प्रतीक्षा देणार आहे.

तुझा रक्तगट जुळला नाही. माझा जुळत होता. डॉक्टरनं पहिलं माझंच नाव लिहिलं. चौसष्ट वय, छाती वाजवून वाजवून भक्कम, तो खूश झाला. मी म्हणालो, मला साखर आहे. कधीपासून? म्हणालो, सात-आठ वर्षं. त्यानं माझ्या नावावर आडवी रेघ ओढली. प्रतीक्षा शेजारीच बसली होती. म्हणाली, "मग माझं लिहा." आता यात खोटं काय आहे? या वयात साखर कोणाला नसते? तपासली नाही, एवढंच. आणि इतका शिकलेला माणूस, एका म्हाताऱ्याच्या शब्दावर रेघ ओढतो. असल्यांच्या हातात आपण सुरी देतो.

तेव्हापासून घरात मला फिका चहा. पाच महिने झाले. कुत्रं तोंड लावणार नाही.

दुसरी भानगड आज उभी राहिली. आपल्या शाळेतल्या गुरुजींची दीपाली, ती विलायतेला जाऊन बाजाचं शिक्षण घेऊन आली आहे. ग्रीक लोकांचं अडीच हजार वर्षांपूर्वीचं एक दुःखाचं नाटक आहे म्हणे, त्यावर तिनं गाणं रचलंय. एक गाणं नव्हे, सव्वा तासाचं. चाळीस माणसं गाणार, पुण्याचे व्हायोलिनवाले आणि आमचा बँड वाजवणार, आणि धाराशिवच्या नाट्यगृहात सात फेब्रुवारीला कार्यक्रम. नाचणं नाही, सोंग नाही. सव्वा तास नुसतं रडणं. आपल्याकडं रडायला काय कमी पडलं होतं, म्हणून ते ग्रीसहून मागवायचं?

मी नाही म्हणणार होतो. पण ड्रमवाल्या नबीलालनं सगळ्या बँडच्या वतीनं हो म्हणून टाकलं. त्याला फोटोत यायची हौस.

१४ जानेवारी, बुधवार.

संक्रांत. प्रतीक्षानं सगळ्या गल्लीला तिळगूळ दिला. माझ्या तळहातावर चिमूटभर नुसते तीळ ठेवले.

"तुम्हाला गूळ चालत न्हाय, मामा. नुसत्या तिळावर गोड बोला."

चेष्टा होती की काय, चेहऱ्यावरून कळलं नाही. तीळ दाढेत अडकले ते दिवसभर निघाले नाहीत.

१७ जानेवारी, शनिवार.

मंगल कार्यालयात पहिली तालीम. चाळीस माणसांचे चार गट. आमच्यात गाणं म्हणजे एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी ओढायचं. इथं ओळ एकच, "कोण जाईल त्याच्या जागी", पण पहिला गट "कोण" म्हणतो, तोवर दुसरा "जाईल"वर पोचलेला, तिसरा अजून "त्याच्या"वर अडकलेला, आणि चौथा नुसताच "आ" करून उभा. आठवडी बाजारात याहून जास्त एकी असते. दीपाली समोर स्टुलावर उभी राहून हातात काडी घेऊन हवा ढवळते. मला कागद दिला, त्यावर काळे किडे. मी परत दिला. म्हणालो, गाऊन दाखव, वाजवून दाखवतो. तिनं गायलं, मी वाजवलं. पुण्याचा व्हायोलिनवाला माझ्याकडं बघत राहिला. बघेना का. त्याचा जन्म कागदाकडं बघण्यात गेला.

येरमाळ्याच्या बारा आराधी बाया आणल्या आहेत. देवीची गाणी म्हणणाऱ्या या बाया, त्यांना आता ग्रीक राजाचं रडायला लावलंय. जगदेवी त्यांची पुढारीण. आवाज असा की कार्यालयाचा पत्रा थरथरतो.

"काय हो मास्तर," सगळ्यांदेखत मला म्हणाली, "तुमच्या पिपाणीला सर्दी झाली का?"

मी म्हणालो, "ही पिपाणी न्हाय, बाई. क्लॅरनेट हाय."

"व्हय व्हय. पिपाणीचं कालेजात नाव बदललं आसंल."

बाया फिदीफिदी हसल्या. असल्या लोकांत माझ्यासारख्यानं बसायचं.

चहा मात्र बरा होता. मी तीन चमचे साखर घातली. नबीलालनं माझ्या हातावर कुंथलगिरीचा पेढाही ठेवला, तो खिशात बाळगतोच. मग हळूच म्हणाला, "क्या व्यंकटराव, सून तर सांगत हुती तुला शुगर हाय. गेल्या जत्रंत अर्धा किलो पेढा खाल्लास, तवा कुठं गेल्ती शुगर?"

म्हणालो, "तुझं तुझं बघ." माणसानं मित्र करताना जरा बुद्धी बघावी. चाळीस वर्षांपूर्वी मी बघितली नाही.

२२ जानेवारी, गुरुवार.

आज दीपालीनं सगळ्यांना खाली सतरंजीवर बसवून गोष्ट सांगितली. एक राजा तरणाताठा मरायला टेकलेला. त्याच्यावर खूश असलेला एक देव सवलत मिळवतो, की राजाच्या जागी दुसरं कोणी मरायला तयार असेल तर राजा जगेल. राजा घरोघर विचारत हिंडतो. कोणी तयार होत नाही. म्हातारे आईबापही नाही म्हणतात. शेवटी बायको म्हणते, मी जाते. आणि जाते.

हा यांचा राजा! बायकोला पुढं करतो आणि वर छाती पिटून रडतो. असल्याला आमच्याकडं कोणी वरातीतल्या घोड्यावरसुद्धा बसवणार नाही.

नबीलाल म्हणाला, "आसा देव आपल्या इथं आला तर लाइन लागंल. पळून जायची."

मग दीपाली माझ्याकडं वळली. "व्यंकटकाका, यात तुमचा क्लॅरनेट म्हणजे राजाचा म्हातारा बाप. सगळे मिळून तीनदा विचारतील, कोण जाईल त्याच्या जागी? मग सगळं थांबेल आणि तुम्ही एकच सूर लावायचा. वरचा, लांब, दम संपेपर्यंत. तो त्याचा नकार."

मला हे पटलं. सगळ्या गोष्टीत तेवढा एक माणूस शहाणा आहे. मुलाला जन्म दिला, वाढवला, राज्य दिलं. आणखी काय द्यायचं? उन्हात बसावंसं म्हाताऱ्यालाही वाटतं. उलट ज्याचं थोडंच उरलंय त्याला त्याची किंमत जास्त. हे मी बोलून दाखवलं तर दीपाली म्हणाली, "अगदी हेच तो म्हणतो, काका." म्हणजे ग्रीकांत एखादा तरी अक्कलवाला निघाला.

घरी येऊन ओसरीत तो सूर लावून बघितला. दम अजून पहिल्यासारखा आहे. शिवराज आत पडून होता. काल सोलापूरहून आल्यापासून उठला नव्हता.

आतून म्हणाला, "आबा, काय वाजवताय?"

"काय न्हाय. एका म्हाताऱ्याचं काम दिलंय."

"लई गोड लागतंय. आणखी एकदा लावा."

नंतर नाही लावला. क्लॅरनेटच्या तोंडाची पत्ती खराब होते.

२७ जानेवारी, मंगळवार.

चार दिवस कमरेच्या वर डाव्या बाजूला दुखतंय. किडनी तिथंच असते असं ऐकलंय. उजवीकडं काही नाही. परत डावीकडं.

मेडिकलवाल्या मुजम्मिलकडं जाऊन साखर तपासून घेतली. म्हणालो, कोणाला बोलू नको. वाटलं, आता आकडा एकदाचा येईल आणि मन शांत होईल. त्यानं बोट टोचलं.

"अठ्ठ्याण्णव, मास्तर. उपाशीपोटी. घोड्यासारखी तब्येत हाय."

यंत्र चिनी असणार. दुपारी एसटीनं उमरग्याला गेलो, ओळखीचं कोणी नाही अशा ठिकाणी परत बोट टोचून घेतलं. एकशे एक. दोन गावांत दोन यंत्रं आणि दोन्ही लबाड. दोघांनीही कागदावर लिहून दिलं. कागद फाडणार होतो, फाडले नाहीत. ट्रंकेत आहेत.

३१ जानेवारी, शनिवार.

शेजारच्या जमिलाबी म्हणाल्या, सून एवढ्या मोठ्या कामाला निघाली, घरातून तिला काही नको का द्यायला? खरं आहे. तुझी आई नागूबाई असती तर तिनं ओटी भरली असती. ती नाही, तेव्हा सगळं मलाच सुचायला हवं. नबीलालला घेऊन दुकानात गेलो. हिरवी साडी घेतली, जांभळ्या काठाची, चांगली भारी. दुकानदार दुसऱ्या रंगाच्या दाखवत होता. म्हणालो, सवाष्णीची ओटी आहे, हिरवीच दे. ते रंगाचं मला तू शिकवू नको.

बाहेर आल्यावर नबीलाल म्हणाला, "साडी चांगली हाय." एवढंच. त्याच्या बोलण्यात हल्ली काही अर्थ राहिला नाही.

गुरुवारी ती आणि शिवराज सोलापूरला निघणार. निघताना देईन. तोवर प्रतीक्षाच्या नजरेला पडू नये म्हणून क्लॅरनेटच्या पिशवीत ठेवली.

१ फेब्रुवारी, रविवार.

आजचं लिहू की नको असं होतं. लिहितो.

तालमीत पुढचा भाग आला. राणी मेली आहे, तिला न्यायची तयारी चालली आहे. दीपाली म्हणाली, "आता म्हातारा बाप परत येतो. हातात सुनेच्या अंगावर घालायला भारी वस्त्र आहे. मुलगा त्याला हाकलून देतो. काका, इथं तुम्ही खालच्या सुरात, चालत आल्यासारखं."

जगदेवीला लगेच समजलं. चाळीस जणांत तिलाच पहिलं. "म्हंजी सासरची साडी की! आमच्यातबी मढ्यावर घालत्यात. सवाष्ण गेली म्हंजी हिरवी." मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "जिती हुती तवा म्हाताऱ्यानं पाठ फिरवली, आन आता साडी घिऊन आलाय! लाज कशी न्हाय वाटली थेरड्याला!"

सगळे हसले. पुण्याचेही. नबीलाल हसला नाही. तो माझ्या खुर्चीखालच्या पिशवीकडं बघत होता.

मी म्हणालो, मला लघवीला जायचंय. बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

ग्रीक लोकांना आमच्या ओटीतलं काय कळतं? त्यांचं वस्त्र मेलेल्या बाईसाठी होतं. माझी साडी जिवंत बाईसाठी आहे. यात फरक आहे. दोन तास बसून विचार केला, फरक आहेच. पण साडी आता पिशवीतून बाहेर निघत नाही.

शेवट तर आणखी पोरकट. राजाचा एक पाहुणा येतो, पैलवान. तो मरणाशी कुस्ती करून राणीला परत आणतो. संपलं. टाळ्या. असले पैलवान सोलापूरच्या दवाखान्यात नसतात. मी दर वेळी बघतो. तिथं फक्त खुर्च्या असतात आणि खुर्च्यांवर बायका.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

गेले. सकाळी जीप आली. तू पिंपरीहून थेट सोलापूरला येणार म्हणून निरोप आला. मी मागाहून येणार असं ठरलंय, कारण शनिवारी कार्यक्रम. शिवराज म्हणाला, "आबा, तुम्ही वाजवून या. एकाला तरी चांगलं काम असू द्या."

जीप दारात उभी असताना प्रतीक्षानं मला चहा आणून दिला. तिची पिशवी खांद्यावरच होती. एक घोट घेतला आणि थांबलो.

म्हणालो, "यात साखर पडलीय."

"पडली न्हाय, मामा. टाकलीय."

मी कप खाली ठेवला. ती म्हणाली, "सदरे मीच धुते. खिशातले पेढ्याचे कागद मीच काढते."

खरं तर तिथं गप्प बसायचं. पण माझ्या तोंडून निघालं, "मग इतके महिने फिका कशाला पाजलास?"

"तुम्ही सांगताल म्हणून वाट बघितली."

आवाज चढला नाही, काही नाही. भाजीचा भाव सांगावा तसं बोलली. मग वाकून पाया पडली आणि म्हणाली, "मी भिऊन न्हाय चालले. तुम्हीबी भिऊ नका. चहा संपवा, गार होतोय." जीप गेली.

साडी पिशवीतच राहिली.

चहात साखर दोनच चमचे होती. मला तीन लागतात. एवढं सगळं माहीत असलेल्या बाईला तेवढं माहीत नव्हतं.

७ फेब्रुवारी, शनिवार. धाराशिव.

कार्यक्रम पाच वाजता. नाट्यगृह भरलं होतं, निम्मे गाणाऱ्यांचे नातेवाईक. पुढच्या रांगेत सफारी घातलेले लोक, जे कशालाही मान डोलवतात. एक जण व्हायोलिनवाले तारा जुळवत होते तेव्हाच "वा" म्हणाला.

पहिली चाळीस मिनिटं ठीक गेली. मग ते आलं. चारही गटांनी एकदा विचारलं, कोण जाईल त्याच्या जागी? दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा जगदेवीच्या बायांनी असं विचारलं की माझ्या पाठीला ते लागलं. मग सगळं थांबलं. दीपालीनं काडी माझ्याकडं केली.

मी दम भरला. बोटं जागेवर होती. पत्ती ओठात होती. तोंडात गोड चव होती, आज सकाळपासून काही गोड खाल्लं नव्हतं तरी. आणि मी वाजवलं नाही.

विसरलो नाही. तो सूर मी झोपेतही लावीन. पण सहाशे माणसं उत्तराची वाट बघत होती आणि मला ते उत्तर देता येईना. दीपालीची काडी तशीच. कोणी खोकलंसुद्धा नाही. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी नबीलालनं ड्रमवर एक हलकी थाप दिली आणि गाडी पुढं सरकली. नंतर साडीचा भाग आला तेव्हा मी खालचे सूर वाजवले, चालत आल्यासारखे. ते बरोबर लागले.

वाटलं, आता सगळ्यांसमोर अपमान. तर संपल्यावर तो "वा"वाला मंचावर चढून माझे दोन्ही हात धरतो आणि म्हणतो, "ते मौन! बापाजवळ उत्तरच नाही, हे सुचवणं! थोर!" मला शाल दिली. दीपालीचे डोळे भरले होते. म्हणाली, "काका, माझ्या सुरापेक्षा ते बरोबर होतं." चाळीस वर्षं गालफडं दुखेपर्यंत वाजवलं, तेव्हा कोणी टॉवेल दिला नाही. एकदा वाजवलं नाही तर शाल. ही यांची पारख.

परतीच्या जीपमध्ये नबीलालनं विचारलं, "का न्हाय वाजवलास?"

"पत्तीला जीभ लागंना."

"झूट."

"मग तूच सांग."

"म्या कशाला सांगू? मला शाल थोडीच दिलीय." थोड्या वेळानं म्हणाला, "सोलापूरची पयली गाडी अकराला हाय. डायवर आपला शरणबसप्पा."

मी म्हणालो, मला गाड्यांच्या वेळा शिकवू नको.

८ फेब्रुवारी, रविवार. लोहारा स्टँड.

मोनिका, ही वही तू वाचणार नाहीस असं मी पहिल्या पानावर लिहिलं. हे पान मात्र फाडून तुला पाठवतोय. शरणबसप्पाजवळ देतो, तो दवाखान्याच्या दारात तुझ्या हातात देईल.

सकाळपासून तुला तीनदा फोन केला. तीनदा हवापाणी, जेवणखाण, शाल, सगळं बोललो. जे बोलायचं ते निघालं नाही. चौथ्यांदा लावला, तर तू म्हणालीस, आबा, उगाच फोन नका करू, दवाखान्यात रागावतात. म्हणून लिहितो.

मला साखर नाही. कधीच नव्हती. मी डॉक्टरला खोटं सांगितलं, कारण मला पोट फाडून घ्यायची भीती वाटली. आणि जगायचं आहे असं वाटलं, अजूनही वाटतं, त्यात मी काही पाप केलं असं मला अजून पटत नाही. पण प्रतीक्षाच्या जागी माझं नाव लिहायला सांग. मुजम्मिलचा कागद जोडला आहे, अठ्ठ्याण्णव. उमरग्याचाही आहे, एकशे एक. त्यांना यंत्रावर विश्वास नसेल तर म्हणावं स्वतः टोचून बघा, या वेळेस तरी माणसाच्या शब्दावर जाऊ नका. माझ्यासाठी तारीख पुढं ढकलावी लागली तर ढकला. मंगळवारी ऑपरेशन आहे, मधे उद्याचा एकच दिवस आहे, तेव्हा कागद मिळाल्या मिळाल्या डॉक्टरला गाठ. तो जेवत असला तरी उठव.

मी याच गाडीत बसून येऊ शकलो असतो. आलो नाही. तिथं प्रतीक्षाच्या समोर बसून हा कागद वाचला गेला तर मला कुठं बघावं कळणार नाही. तू आधी वाच, तिला सांग. साडी पाठवत नाही. ती तिच्या पायानं घरी आली की तिच्या हातात देईन. त्याआधी तिला साडीचं बोलू नको.

शिवराजला सांग, तो सूर मी परत लावला नाही.

उशीर झाला असेल तर तसं सांग, लपवू नको. माझं वय झालं, मला काही चालणार नाही, असं म्हणाले तरी सांग. तिला आत नेलं असेल तरी सांग. शरणबसप्पाची गाडी सहाला परत येते, त्याच्याजवळ दोन ओळी दे, नाहीतर नबीलालच्या फोनवर कळव, माझ्या फोनचा आवाज मला कधी ऐकू येतो कधी नाही. मी इथंच स्टँडवर बाकावर बसलोय, क्लॅरनेटची पिशवी मांडीवर आहे. नबीलाल चहा घेऊन आला, मी फिकाच मागितला. सहाच्या आत काही कळलं तर सहाची वाट बघू नको, मोनिका, लगेच कळव.